सर सोडत नाहीत

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी कोर्टवर पोचलो तेव्हा नदीकडचं धुकं इतकं खाली आलं होतं की रिंग दिसत नव्हती. मुलींनी तरीही सराव सुरू केला होता. चेंडू जाळीतून गेला की बोर्डावर आदळला, हे नुसतं आवाजावरून कळत होतं. मी कडेच्या दगडावर बसून ऐकत राहिलो. उभं राहायला हवं होतं, पण थंडीत डावा गुडघा ऐकत नाही.

वीसेक वर्षं झाली, सांगलीतल्या या कॉलेजात मुलींचा बास्केटबॉल शिकवतोय. दर जूनला नव्या मुली येतात. चेंडू कसा धरायचा इथपासून सांगायचं. त्या जरा खेळायला लागल्या की शेवटचं वर्ष येतं आणि जातात. कुणी पोलिसात, कुणी बँकेत, बहुतेक सासरी. कंटाळलो म्हणणं बरोबर नाही. थकलो आहे. साताऱ्याची आंतरविभागीय स्पर्धा झाली की प्राचार्यांना सांगणार आहे, मुलींचा संघ आता दुसऱ्या कुणाकडे द्या. घरी बायकोला, शालनला, अजून बोललेलो नाही.

स्पर्धा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. विद्यापीठाच्या संघाची निवडही तिथेच होते. मुलींना नियम पुन्हा सांगितला, स्पर्धा होईपर्यंत कुणालाही रजा नाही. बारसं असो, भावाचं लग्न असो. संयोगिता आमची कर्णधार, तासगावच्या द्राक्षवाल्यांची मुलगी, तोंडाची तिखट. मागून म्हणाली, "आणि स्वतःचंच लग्न असलं तर?"

"तर लग्नाला रजा नाही," मी म्हणालो.

सगळ्या हसल्या. शिवांजली हसली नाही, पण ती तशीही कमीच हसते.

पाठीमागे मुली मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. 'सर सोडत नाहीत.' हॉस्टेलवर कुणाचा घरून फोन आला आणि जायचं नसलं, की हेच सांगून मोकळ्या होतात. माझ्या नावावर इतकी खोटी कारणं खपली आहेत की त्यांचा हिशेब देवाकडेच असेल. मी कधी हरकत घेतली नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शिवांजलीबद्दल लिहून ठेवावं असं आज वाटलं. इतक्या वर्षांत अशी मुलगी हाताखाली आली नव्हती.

ती जतच्या पूर्वेकडची. कर्नाटकाची हद्द तिथून जवळ, घरात निम्मं कानडी बोलतात. पाण्याला टँकर, शेतात पावसावरची ज्वारी, आणि वडिलांची मेंढरं. पहिल्या वर्षी आली तेव्हा बास्केटबॉलचा चेंडू तिने हातात धरला नव्हता. पण पहिल्याच आठवड्यात ती खाली न बघता चेंडू आपटत पळायला लागली. हे शिकवायला मला दुसऱ्या मुलींना वर्ष लागतं. मी विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, "मेंढरं हाकताना खाली बघून चालत न्हाई सर. एक जरी फुटलं तरी सगळी जातात."

आता ती मैदानावर कुणाकडे न बघता चेंडू टाकते आणि तिथे आपली मुलगी येऊन पोचलेली असते. तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पुढे खेळाडूंच्या राखीव जागांतून पोलीस भरतीत तिला नक्की फायदा होईल. तिला तेच हवं आहे. एकदा बोलली होती. त्यानंतर मीही विषय काढला नाही. ठरलेलं पुन्हा कशाला बोलायचं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी शिवांजलीचे वडील आले. केरबा त्यांचं नाव. पहाटे घरून निघून जतमार्गे एस.टी.ने आलेले. आल्याबरोबर पाया पडायला वाकले, मी मधेच धरलं. माझ्याहून दोनचार वर्षांनी लहानच असतील, पण उन्हाने म्हातारे दिसतात.

गावात लक्कव्वा देवीची जत्रा आहे, शिवांजलीला चार दिवस न्यायची आहे, असं म्हणाले. त्यांच्या थोरल्या भावाने, सयाजीने, निरोप धाडला होता. हे सयाजी फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. घर त्यांच्या शब्दावर चालतं, असं केरबांच्या बोलण्यावरून वाटलं. जत्रेला पाहुणेही येणार आहेत म्हणाले.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "पर तुमी न्हाई म्हणला तर न्हाई, सर. आमचं काय म्हणणं न्हाई."

मी विचारात पडलो. स्पर्धा तोंडावर. तेवढ्यात पुन्हा म्हणाले, "तुमचा नियम लय कडक हाय म्हणं. मी दादाला सांगीन, सर सोडत न्हाईत. त्येला बी फौजेतलं म्हायती हाय, वरचा न्हाई म्हणला की न्हाई."

माणूस किती भिडस्त असावा! देवीच्या कामासाठी आलेला, आणि माझ्यासारख्यापुढे इतका संकोच. मलाच लाज वाटली. शिवांजली त्यांच्या मागे कमरेवर चेंडू धरून उभी होती. माझ्याकडे एकटक बघत होती. डोळे भरल्यासारखे वाटले. गावदेवीचं नाव निघालं की माझंही असंच होतं.

आयुष्यात मी कुणाला देवाच्या कामाला अडवलेलं नाही. म्हणालो, "देवीला नाही म्हणणारा मी कोण? घेऊन जा. येताना प्रसाद आणा."

केरबा बराच वेळ पायातल्या चपलेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे सोडता म्हणा की."

"सोडतो," मी म्हणालो.

शिवांजलीने चेंडू खाली ठेवला. तो घरंगळत गटारीत गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. मीच जाऊन काढला. घरी जायच्या आनंदात पोरींना भान राहत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सराव नीट झाला नाही. शिवांजलीच्या जागेवर नवी मुलगी घेतली, तर चेंडू सारखा बाहेर जात होता. संयोगिता माझ्याशी बोलत नव्हती. शेवटी मीच विचारलं.

म्हणाली, "सर, तुम्ही तिला सोडलंच कसं?"

मी देवीचं काम होतं म्हणालो.

"मला आजीच्या वर्षश्राद्धाला सोडलं नव्हतं. मायाला गेल्या साली सहा डिसेंबरला सोडलं नव्हतं. ते काय देवाचं नव्हतं व्हय?"

माया आमची सगळ्यात उंच खेळाडू, मिरजेची. तिच्या घरचे दरवर्षी सहा डिसेंबरला बाबासाहेबांना वंदन करायला मुंबईला जातात. गेल्या वर्षी तिने विचारलं आणि मी एका वाक्यात नाही म्हणालो. आज ती चेंडू पुसत उभी होती. तिने वर पाहिलं नाही. 

जाताना संयोगिता म्हणाली, "तिनं तुमच्यावर भरवसा ठेवला होता."

भरवसा मी कुठे मोडला? उलट सोडलंच की. या वयातल्या मुलींचं बोलणं कळत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

चार दिवस होऊन गेले, शिवांजली आलेली नाही. फोन बंद. शालन म्हणाली, जत्रेत पाव्हणेरावळे असतात, एखादा दिवस इकडेतिकडे होणारच. तसंच असेल. संध्याकाळी गणपतीला जाऊन आलो. मन लागलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

शिवांजली आली. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या, तळव्यावर मेंदी. मी म्हणालो, "जत्रेत कासार चांगला आलेला दिसतोय." ती हो म्हणाली. प्रसादाची पुडी दिली. मी डोळ्याला लावून खिशात ठेवली.

सरावाला बांगड्या चालतात, पण साताऱ्याला पंच हरकत घेतील. दागिने घालून उतरता येत नाही हा साधा नियम आहे, तिलाही ठाऊक आहे. म्हणालो, त्याआधी काढून ठेव. ती म्हणाली, "काढायच्या न्हाईत म्हणून सांगितलंय घरी."

"जत्रेतल्या बांगड्यांचं एवढं काय?"

संयोगिता पलीकडे बुटाची नाडी बांधत होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखादा सोपा चेंडू हातातून सुटल्यावर मी त्यांच्याकडे पाहतो.

३ डिसेंबर, बुधवार

संयोगितानेच सांगितलं. सराव संपल्यावर, बाकीच्या पाणी प्यायला गेल्यावर. जत्रा होतीच, पण पाहुणे म्हणजे मुलाकडचे. मुलगा साताऱ्याकडचा, फौजेत. सयाजींच्या ओळखीतलं स्थळ. जत्रेतच बघितलं आणि दुसऱ्या दिवशी साखरपुडा. हातात चुडा भरला. पौष संपला की लग्न. कॉलेज तिथेच बंद.

विचारलं, तिला पसंत आहे का? संयोगिता म्हणाली, "तिला कुणी विचारलं? तिच्या पप्पांना बी नकोय. पण मोठ्या भावापुढं ते तोंड उघडत न्हाईत, सर."

दुपारी केरबांना फोन लावला. अभिनंदन करू की काय बोलू, कळेना. मागे मेंढरांचा आवाज येत होता. नुसतंच म्हणालो, मला काही कल्पना नव्हती. तेही सांगायला कचरत होते. मग म्हणाले, "मी दादाला सांगून निघालोवतो, सर, की न्ह्यायला जातो खरं, पर त्ये सोडायचे न्हाईत. दादा बी म्हणला, न्हाई सोडलं तर पाव्हण्यास्नी तसं कळवू, पुढच्या साली बघू." मधेच मेंढरांना हाक घातली. "तुमी सोडलं."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती

सराव संयोगितावर सोपवून औदुंबरला गेलो. जन्मकाळाला गर्दी फार. लहानपणापासून इथे येतो. प्राथमिक शाळेतून पायी सहल यायची, गुरुजी नदीत उतरू द्यायचे नाहीत, आम्ही घाटावर बसून खिचडी खायचो. आज त्याच पायऱ्यांवर बसलो. कृष्णा संथ होती.

बापलेक माझ्याकडे 'नाही' मागायला आले होते. केरबांनी तीन वेळा शब्द माझ्या तोंडात घालून दिला. पोरगी समोर उभी राहून डोळ्यांनी मागत होती. वर्षानुवर्षं जो शब्द मी न मागता वाटत आलो, तो ज्या दिवशी कुणाला हवा होता त्या दिवशी माझ्याकडे नव्हता. आणि मी प्रसाद मागितला.

देवाला दोष देता येत नाही. देवी काही माझ्याकडे रजा मागायला आली नव्हती. तिचं नाव ऐकून मी समोरच्या माणसांकडे बघायचं सोडून दिलं, एवढंच.

पालखी गेली. नमस्कार करून आलो. काही मागितलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

मायाला म्हणालो, आज जा. ती म्हणाली, "घरचे परवाच मुंबईला गेले, सर. मी सराव करून दुपारी मिरजेत कार्यक्रमाला जाते." आणि पूर्ण सराव केला. मी दिलेल्या परवानगीचं आज तिला काहीच करायचं नव्हतं.

शिवांजली चांगली खेळतेय. पूर्वीपेक्षा चांगली. शेवटचं खेळतोय असं समजून खेळल्यासारखी. बांगड्यांचा आवाज सगळ्या कोर्टभर येतो. आता डोळे मिटूनही कळतं, चेंडू कुणाकडे आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार. सातारा

दोन दिवस इथे आहोत. काल सामना नव्हता. संघ चारच, म्हणून आज थेट उपांत्य फेरी झाली. सगळं क्रमाने लिहितो.

यजमान कॉलेजचं मैदान, मागे अजिंक्यतारा. कडेच्या पायऱ्यांवर बऱ्यापैकी माणसं. त्यांत केरबा दिसले, आणि शेजारी ताठ बसलेले, पिळदार मिशांचे गृहस्थ. तेच सयाजी. मुलाकडचं गाव इथून जवळ, म्हणून तिकडचेही आले होते. मुलाची आई, सुलाबाई, डोक्यावर पदर घेऊन एका टोकाला. सून कशी खेळते ते बघायला.

सामन्याआधी पंच मुलींचे हात, नखं, कान तपासत होते. शिवांजलीपाशी थांबले. मी पट्टी गुंडाळू का विचारलं. काही पंच चालवून घेतात. हे म्हणाले, काच आहे सर, फुटून कुणाच्या डोळ्यात गेली तर? काढा, नाहीतर बाहेर बसवा. त्यांचं बरोबरच होतं.

शिवांजली माझ्याकडे वळली. "सर, काय करू?"

तेच डोळे. कमरेवर चेंडू तसाच धरलेला. पायऱ्यांवरची माणसं बघत होती.

साखरपुड्याचा चुडा लग्नाआधी उतरवत नाहीत. माझ्या आईने हे ऐकलं असतं तर कानावर हात ठेवले असते. मीही त्याच घरात वाढलो. मलाही भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

"काढ," मी म्हणालो. "पाप असलं तर माझ्याकडे."

संयोगिता नळावरून ओला साबण घेऊन आली. दोघींनी मिळून एकेक बांगडी उतरवली, एकही फुटू न देता. मी रुमाल पसरून धरला. पायऱ्यांवर कुजबुज वाढत गेली, पण मी तिकडे बघितलं नाही. रुमालाची गाठ मारून मांडीवर ठेवली आणि सामनाभर तशीच धरून बसलो. ओरडून सूचना द्यायला एरवी उठतो, आज उठता येत नव्हतं.

तिचा खेळ लिहिता येणार नाही. एकदा तिने पाठीमागून चेंडू सोडला आणि माया रिंगखाली एकटीच होती, समोरच्या संघाच्या मुलीसुद्धा क्षणभर थांबून बघत राहिल्या. तरीही हरलो. शेवटच्या मिनिटांत आमच्या मुली दमल्या आणि दोन फ्री थ्रो चुकले. मला वाईट वाटायला हवं होतं. निवड समितीतल्या बाईंनी येऊन सांगितलं, तुमच्या नऊ नंबरचं, शिवांजलीचं नाव विद्यापीठाच्या शिबिरात घेतलंय.

मुली पाणी पीत होत्या तेव्हा सयाजी खाली आले. केरबा मागे दोन पावलांवर.

"बांगड्या कुणी उतरवल्या?"

"मी उतरवायला सांगितल्या."

"चुडा हाय त्यो. पाव्हण्यांसमोर. तुमी देवाधर्माचं माणूस म्हणून केरबा सांगत हुता."

"त्याचं काय ते मी देवाशी बघून घेईन," मी म्हणालो. "दुसरं सांगायचंय. शिवांजलीचं नाव शिबिराला आलंय. जानेवारीत शिबिर, मग बाहेर स्पर्धा, मग परीक्षा. तोपर्यंत तिला रजा नाही. लग्नालाही नाही."

असा कुठलाही अधिकार मला नाही. कॉलेजने दिलेला नाही, विद्यापीठाने दिलेला नाही. पण आवाज नेहमीचाच निघाला, सकाळी कोर्टवर निघतो तसा.

"तुमी कोण न्हाई म्हणणार? पोरगी आमची हाय."

"पोरगी तुमची. रजा माझ्याकडे."

ते माझ्याकडे बघत राहिले. चिडले होते, पण का कोण जाणे, उभे मात्र ताठ झाले होते, टाचा जुळवून, वरच्या साहेबासमोर उभं राहावं तसे. मग गडाकडे बघत म्हणाले, "बाप गेला तवा आमचं युनिट लडाखला हुतं. छुट्टी नामंजूर झाली. तेराव्याला बी आलो न्हाई मी." हे मला सांगत होते असं नाही.

तेव्हा मागून केरबांचा आवाज आला, खाली बघत, अगदी हळू.

"आता सर सोडत न्हाईत म्हणल्यावर काय करायचं, दादा."

त्यांनी ते इतकं सहज म्हटलं. कितीतरी दिवस तोंडात धरून ठेवल्यासारखं.

सयाजींनी भावाकडे वळून पाहिलं. मिशीवरून हात फिरवला आणि सुलाबाईंकडे निघाले. तिथे काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. आमची गाडी सुटायची होती.

१५ डिसेंबर, सोमवार

केरबांचा फोन आला. लग्न मोडलेलं नाही. परीक्षा झाल्यावर बघू असं ठरलंय. मुलालाही तोवर छुट्टी नाही म्हणे. सुलाबाई चुड्याचं काही बोलल्या नाहीत, फक्त पोरगी लय पळती, एवढंच म्हणाल्या. यात सुटका किती आणि लांबणीवर टाकणं किती, मला सांगता येणार नाही. केरबा मात्र बराच वेळ मेंढरांबद्दल बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

रुमालाची गाठ घरी देव्हाऱ्यात ठेवली आहे. सरावाला शिवांजलीला म्हणालो, तुझ्या बांगड्या आणून देतो. ती चेंडू आपटत होती. थांबली नाही. म्हणाली, "असू द्या सर तुमच्याकडंच. काचेच्या हाईत, हॉस्टेलवर फुटतील."

दुपारी प्राचार्यांच्या खोलीत गेलो. मुलींचा संघ दुसऱ्याकडे द्या म्हणून सांगायचं ते सांगण्यासाठीच. जिना चढताना गुडघ्यात कळ आली, वर जाऊन जरा थांबलो. त्यांनी खुर्ची दिली. म्हणाले, बोला, काय काम होतं?

मी म्हणालो, रिंगच्या जाळ्या फाटल्यात. जानेवारीच्या आत नव्या पाहिजेत.

"एवढ्यासाठी वर आलात?"

हो म्हणालो.